रिंगखालचा खेळ: मुलांच्या बास्केटबॉल मॅचचे फोटो कसे काढायचे

टीव्हीवर अमेरिकेतली एनबीए लीग बघून कॅमेरा हातात घेतला की डोक्यात एकच फोटो असतो. खेळाडू हवेत, हात रिंगवर, बॉल जाळीत. शाळेच्या मॅचला हा फोटो मिळत नाही. १८९१ साली बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला टांगल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, आणि रिंगची उंची आजही तीच आहे, ३.०५ मीटर. सातवीतला मुलगा साधारण दीड मीटर उंच असतो. हात वर केला की बोटं पोचतात एक मीटर नव्वदपर्यंत. वर वीत-दीड वीत उडी धरा. तरी बोटांच्या टोकापासून रिंगपर्यंत जवळजवळ तीन फूट नुसती हवा उरते. लहान मुलांसाठीच्या मिनी बास्केटबॉलची २.६० मीटरची रिंग असली तर अंतर कमी होतं, पण बहुतेक शाळांत मोठीच रिंग असते.

मूल आणि रिंग दोन्ही एका फ्रेममध्ये घ्यायला गेलात की मधली मोकळी हवा फोटो खाऊन टाकते आणि मूल खाली कोपऱ्यात बारीक होतं. मुलांचा बास्केटबॉल रिंगच्या खाली घडतो: गुडघ्याएवढ्या उंचीवर बॉल आपटत केलेल्या ड्रिबलमध्ये, सुटलेल्या बॉलवर पडलेल्या चार हातांत, दात-ओठ खाऊन दिलेल्या पासमध्ये. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

मॅचच्या आधी

पहिलं काम परवानगीचं. दोन्ही शाळांच्या सरांना किंवा मॅडमना भेटा, कोणासाठी फोटो काढताय ते सांगा, मॅच झाल्यावर फोटो देईन असंही सांगा. जिल्हास्तर शालेय स्पर्धा असेल तर आयोजकांच्या टेबलापाशी जाऊन विचारा. तुमचं मूल त्या संघात असलं तरी बाकीची मुलं दुसऱ्यांची आहेत. तुम्ही कुठे बसणार ती जागा पंचांनाही दाखवून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण मॅचमध्ये कोणी उठवत नाही.

अर्धा तास आधी पोचा, कारण वॉर्मअप हीच तुमची तालीम. मुलं ओळीनं लेअप (पळत येऊन रिंगजवळून मारलेला शॉट) मारत असतात. कोण डावखुरं आहे, कोण शॉट मारताना जीभ बाहेर काढतं, कोण पास देण्याआधी मान उलटीकडे वळवतं, सगळं तिथं दिसतं. एका कागदावर जर्सीचे नंबर लिहून घ्या. संघात जास्तीत जास्त १२ मुलं असतात. हा कागद कशासाठी, ते पुढे येईल.

कॅमेऱ्यात काय लावायचं

मी पहिल्या मॅचला किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी लेन्स) लावून, कॅमेरा ऑटोवर ठेवून गेलो होतो. शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या आसपास राहिला. घरी येऊन बघतो तर तीनशे फोटोंत चेहरे ओळखू येत होते, पण हात धुरासारखे. त्यातला एकही फोटो मुलांना द्यावासा वाटला नाही.

कारण गणिताचं आहे. पळणारं मूल सेकंदाला पाच मीटर जातं असं धरा. १/१२५ सेकंदात ते चार सेंटिमीटर सरकतं. १/५०० ला एक सेंटिमीटर, १/१००० ला अर्धा. हात तर अंगापेक्षा जोरात फिरतो. म्हणून १/५०० च्या खाली जायचं नाही, आणि उजेड असेल तर १/१००० ठेवायचा.

कॅमेरा मॅन्युअलवर घ्या. शटर १/८०० किंवा १/१०००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) उघडेल तेवढं, आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर, वरची मर्यादा ६४०० लावून. उघड्या कोर्टावर ऊन असेल तर आयएसओ १००-२०० वरच काम होतं, फक्त भोक एफ ५.६ च्या आसपास बारीक करा (एफचा आकडा जितका मोठा तितकं भोक बारीक), नाहीतर फोटो पांढरा पडतो. बंद हॉलमध्ये एफ २.८ ला आयएसओ ३२०० सहज लागतो. घाबरू नका. दाणेदार फोटो बघवतो, हललेला बघवत नाही.

लेन्ससाठी एवढंच सांगतो, की महागडी ७०-२०० एफ २.८ नसली तरी अडत नाही. ५० मिमी किंवा ८५ मिमी एफ १.८ घ्या. किटबरोबर येणारी टेली लेन्स लांब टोकाला एफ ५.६ वर अडकते. एफ १.८ तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स ७५-८० सारखी वागते, आणि बेसलाइनवर, म्हणजे रिंगमागच्या रेषेपाशी, बसलेल्याला तेवढं पुरतं. झूम नाही म्हणून समोरच्या टोकाचा खेळ लांब पडेल. पडू दे. तो तुमच्याकडे परत येणारच आहे.

फोकस सतत बदलता ठेवायचा. कॅननमध्ये त्याला एआय सर्व्हो म्हणतात, निकॉन-सोनीत एएफ-सी. फोकसचा मधला एकच बिंदू किंवा त्याभोवतीचा लहान गट निवडा आणि तो मुलाच्या छातीवर, जर्सीच्या नंबरावर धरा. नंबर ठळक असतो, फोकस पटकन पकडतो. नवे कॅमेरे चेहरा आपोआप शोधतात, पण गर्दीत कधी पंचांचा चेहरा धरतात, कधी मागे बसलेल्या आजोबांचा. तसं व्हायला लागलं तर ती सोय बंद करा.

हॉलमध्ये एक गोम आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जुन्या ट्यूब आणि काही दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला कळत नाही, पण १/१००० ला लागोपाठ चार फोटो काढले तर एक पिवळट, एक काळपट असे येतात. कॅमेऱ्याच्या मेन्यूत फ्लिकर कमी करण्याची सोय असेल तर सुरू करा. फ्लॅश मात्र बंदच. शॉट मारणाऱ्या मुलाच्या डोळ्यावर लखकन उजेड पाडणं चुकीचं आहे.

एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते, जर्सीवर सोडू नका. फिबाच्या (बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमानुसार कार्यक्रमपत्रिकेत ज्या संघाचं नाव आधी, तो फिकट रंगाची जर्सी घालतो. पांढरी जर्सी फ्रेमभर आली की कॅमेरा फोटो काळा करतो आणि आपल्या पोरांचे सावळे चेहरे आणखी काळवंडतात. वॉर्मअपमध्ये दोनचार चेहऱ्यांचे फोटो काढा, स्क्रीनवर मोठे करून बघा आणि चेहरा नीट दिसेपर्यंत एक्स्पोजर थोडं वर घ्या. पांढऱ्या कापडावरच्या चुण्या थोड्या पुसल्या गेल्या तरी चालेल.

बसायचं कुठे

सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथं. नवखा माणूस कोर्टाच्या मधोमध, साइडलाइनला उभा राहतो, कारण तिथून सगळं दिसतं. सगळं दिसतं म्हणूनच फोटो मिळत नाही. तिथून मुलांची एक बाजू मिळते, नाहीतर पाठ. मागे दप्तरं, पाण्याचे कॅन आणि उभ्या केलेल्या स्कूटर येतात.

बेसलाइनच्या मागे जा. तुमचा संघ ज्या रिंगवर बास्केट करतोय त्या रिंगच्या मागची बेसलाइन. मुलं तुमच्याकडे तोंड करून येतात. हाफटाइमनंतर संघ रिंग बदलतात. तेव्हा तुम्हीही बाजू बदला, किंवा तिथंच बसून आपल्या संघाचा बचाव टिपा.

रिंगच्या बरोबर मागे बसू नका, खांब आणि बोर्डाची चौकट आड येते. रिंग आणि कोपरा यांच्या मध्ये, रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनाच्या जरा बाहेर बसा. डावी बाजू की उजवी? बहुतेक मुलं उजव्या हातानं, त्यांच्या उजवीकडून आत घुसतात. तुम्ही समोर आहात, म्हणजे तुमच्या डावीकडून. अशा वेळी तुम्ही रिंगच्या उजव्या बाजूला असलात तर मूल तिरकं तुमच्याकडेच येतं. बॉलचा हात पलीकडे राहतो, चेहऱ्यावर येत नाही. मध्ये कधी बचाव करणाऱ्याची पाठ येईल. तो फोटो गेला म्हणा आणि पुढच्याची वाट बघा.

उघड्या कोर्टावर ऊनही बघा. बास्केटबॉलची कोर्टं शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा सूर्य खेळाडूंच्या डोळ्यांवर येत नाही. सकाळच्या मॅचला बेसलाइनच्या पूर्वेकडच्या टोकाला बसलात तर सूर्य तुमच्या पाठीशी आणि उजेड त्यांच्या चेहऱ्यावर. संध्याकाळी पश्चिमेकडचं टोक. डिसेंबरात आपल्याकडे दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडची बेसलाइन भर दुपारीसुद्धा चेहरे उजळ देते. बाकी महिन्यांत दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात. त्यावर इलाज एकच, मान वर असेल तेव्हा फोटो घ्यायचा. रिबाउंडला, म्हणजे चुकलेला शॉट रिंगवरून परत येतो तेव्हा, सगळ्यांच्या माना वरच असतात.

आता खाली बसा. मांडी घालून, जमिनीवर. कॅमेरा मुलांच्या कमरेच्या पातळीला आला पाहिजे. उभं राहून काढलेल्या फोटोत डोकी आणि सिमेंट दिसतं. खाली बसलात की मूल उंच होतं, त्याच्या पायाखालची हवा दिसते, आणि मागे स्कूटरऐवजी आभाळ किंवा भिंत येते. चार इंचांच्या उडीलाही तिथून वजन येतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. खालून फोटो काढताना मुलींच्या बाबतीत, खरं तर सगळ्याच मुलांच्या बाबतीत, कपडे वर सरकलेला किंवा अंग विचित्र दिसणारा फोटो येऊ शकतो. असा फोटो तिथल्या तिथं पुसून टाका, बाकी कितीही छान जमला असला तरी. बाराव्या वर्षी मैदानात उतरलेल्या मुलीनं एका फोटोपायी खेळ सोडावा असं काही आपल्या हातून होता कामा नये.

आणि जपून बसा. नियमानं कोर्टाच्या रेषेबाहेर दोन मीटर मोकळी जागा हवी. तुम्ही त्याच्याही मागे बसा. शाळेत बऱ्याचदा रेषेला लागूनच भिंत असते. तिथं बेसलाइनवर बसूच नका, कोपऱ्यात उभे राहा. बॅग पाठीमागे, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, पाय आत. एक पंच बेसलाइनवर येत-जात असतो, त्याची वाट मोकळी ठेवा. दुसरा डोळा उघडा ठेवून फोटो काढायची सवय लावा. मूल अंगावर आलं तर कॅमेरा छातीशी घ्या आणि मोकळ्या हातानं मुलाला सावरा.

फ्रेममध्ये काय घ्यायचं

तीन गोष्टी हव्यात: चेहरा, बॉल, आणि समोरचा प्रतिस्पर्धी किंवा निदान त्याचा हात. चेहरा नसेल तर फोटो कोणाचा ते कळत नाही. बॉल नसेल तर मूल हवेत हात का फिरवतंय ते कळत नाही. आणि प्रतिस्पर्धी नसेल तर तो सराव वाटतो. तिन्ही दर वेळी मिळणार नाहीत. दोन मिळाल्या तरी फोटो उभा राहतो, फक्त त्यातली एक चेहरा असली पाहिजे.

एकटं मूल उडी मारतंय, शॉट घेतंय, तर कॅमेरा उभा धरा. दोघं बॉलसाठी झगडतायत किंवा कोणी ड्रिबल करत पळतंय, तर आडवा. पळणाऱ्याच्या तोंडासमोर मोकळी जागा सोडा, पाठीमागे नको. सुरुवातीला फ्रेम थोडी सैल ठेवा. मुलं कुठं वळतील सांगता येत नाही, आणि घट्ट धरायला गेलं की नेमका बॉल कापला जातो. घरी कापता येतं. कापताना मनगट, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर कापू नका, हात-पाय तुटल्यासारखे दिसतात. मांडीच्या किंवा कमरेच्या मध्यावर कापा.

रिंग कधीच घ्यायची नाही असं नाही. पूर्ण जागा दाखवायची असेल तेव्हा रिंग हवीच. मुंबईत नागपाड्याला मस्तान वायएमसीएचं उघडं कोर्ट आहे, चहूबाजूंनी दाट वस्ती. १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळालेले बास्केटबॉलपटू अब्बास मुंतसिर याच नागपाड्यात घडले. अशा ठिकाणी मोबाइलची रुंद लेन्स काढा, मागे उभे राहा, रिंग, इमारती, खिडक्यांतली माणसं आणि मधोमध खेळणारी मुलं, सगळं घ्या. तिथं मूल लहान दिसलेलं चालतं, कारण फोटो त्या जागेचा आहे. प्रत्येक मॅचला असा एक फोटो पुरे.

बटण कधी दाबायचं

व्ह्यूफाइंडरमध्ये क्षण दिसला म्हणजे तो गेला. बोट जरा आधी हलायला हवं. हे शिकायची उत्तम जागा म्हणजे फ्री थ्रो, फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट. मूल बोर्डापासून ४.६० मीटरवर एकटं उभं असतं, कोणी आड येत नाही आणि वेळ मिळतो.

गेल्या हिवाळ्यात पुण्यात एका चौदा वर्षांखालच्या मुलींच्या मॅचला एक मुलगी फ्री थ्रोला उभी राहिली. दोन वेण्या लाल रिबिनीनं वर बांधलेल्या, डावा मोजा घसरून बुटात गेलेला. तिनं उजवा तळवा चड्डीला पुसला, बॉल तीनदा आपटला, ओठ आत ओढले, गुडघे वाकवले, मारला. चुकला. दुसऱ्या थ्रोला तेच: तळवा, तीनदा आपटणं, ओठ, गुडघे. तेव्हा मला कळलं होतं की गुडघे सरळ व्हायला लागले की दाबायचं. बॉल बोटांवरून सुटताना, टाचा जमिनीवरून उठलेल्या, ओठ अजून आतच. मुलांच्या सवयी बदलत नाहीत. पहिल्या वेळी बघा, दुसऱ्या वेळी फोटो काढा.

लेअपचा ताल असतो: एक पाऊल, दुसरं पाऊल, वर. मनात ‘एक, दोन, वर’ म्हणा आणि ‘वर’ला दाबा. उडीचं एक गुपित आहे. माणूस हवेत जितका वेळ असतो, त्यातला निम्मा वेळ उडीच्या वरच्या पाव भागात जातो. तीस सेंटिमीटरच्या उडीत मूल साधारण अर्धा सेकंद हवेत असतं, आणि त्यातला पाव सेकंद शेवटच्या सात-आठ सेंटिमीटरमध्ये. वर गेल्यावर ते जवळजवळ थांबतं. फोटो तिथला, वर जातानाचा नाही.

रिबाउंडला आणखी एक युक्ती. बॉल रिंगवर आदळल्याचा आवाज आला की बॉलकडे बघणं सोडा. खाली जमलेल्या हातांकडे बघा, सगळ्यात पुढच्या चेहऱ्यावर फोकस धरा आणि थांबा. बॉल आपण होऊन तुमच्या फ्रेममध्ये उतरतो. बॉलच्या मागे कॅमेरा फिरवत बसलात तर फोकस आभाळावर जातो.

बर्स्ट (बटण दाबून धरून लागोपाठ फोटो) वापरा, पण तीन-चार फोटोंचाच. मशीनगनसारखं धरून ठेवलं की मधल्या क्षणाला कॅमेऱ्याची मेमरी भरते, आणि घरी हजार फोटो उपसावे लागतात ते वेगळंच.

बॉल नसलेले फोटो

बास्केट झाली की कॅमेरा खाली घेऊ नका. दोन सेकंद त्याच चेहऱ्यावर राहा. आनंद तिथं असतो, बहुतेक वेळा बेंचकडे वळलेला. टाइमआउटला उकिडवे बसलेले सर आणि त्यांच्याभोवती घामेजलेल्या मानांचं कडं. पाण्याची एकच बाटली चौघांत फिरते ती. हरलेल्या संघानं जिंकलेल्यांशी हात मिळवताना खाली घातलेल्या नजरा.

आता तो नंबरांचा कागद. एका मॅचला मी सगळा वेळ संघातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूच्या मागे होतो. शेवटच्या दोन मिनिटांत सरांनी एका मुलाला आत पाठवलं. त्या मोसमात तो पहिल्यांदाच कोर्टात उतरला होता. मॅच संपल्यावर त्याची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “दादा, आमच्या पोराचा एखादा आला असेल ना?” नव्हता आला. त्या दिवसापासून मी कागदावर टिक करतो. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत ज्याच्या नंबरापुढे टिक नाही, त्याच्याकडे कॅमेरा जातो, मग ते मूल बेंचवर बसून टाळ्या वाजवत असलं तरी. बेंचवरच्या मुलाच्या चेहऱ्यावर अख्खी मॅच दिसते.

मूल पडलं, लागलं, रडायला लागलं तर कॅमेरा खाली. तो फोटो काढायचा नाही.

मोबाइल असेल तर

मोबाइलवरही जमतं, उघड्या कोर्टावर तर चांगलंच. जवळ बसा, बोटांनी ताणून झूम करू नका, फोनला दुप्पट-तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. ज्या जागी मूल येणार तिथं स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड पक्का करा, मग बर्स्ट घ्या. हॉलमध्ये उडीच्या मागे लागू नका. फ्री थ्रो, टाइमआउट, बेंच यांचे फोटो घ्या, तिथं फोन कमी पडत नाही.

घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो लॅपटॉपवर उतरवा. पहिल्या फेरीत फक्त टाकायचे फोटो टाका: हललेले, डोळे मिटलेले, पाठीचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक मुलाचा निदान एक ठेवा. एका मॅचचे तीस-चाळीस फोटो खूप झाले. सरळ करा, कापा, हॉलचा पिवळेपणा कमी करा, चेहरे थोडे उजळवा. त्यापलीकडे रंगांशी खेळू नका.

फोटो सरांकडे किंवा पालकांच्या गटावर द्या. स्वतःच्या पानावर टाकायचे असतील तर त्या-त्या पालकांना विचारा, आणि मुलाचं नाव, शाळा आणि सरावाची वेळ-जागा एकत्र लिहू नका. जर्सीवर शाळेचं नाव असतंच, त्यात भर नको.

मी मोसमाच्या शेवटी संघातल्या प्रत्येकाचा एक फोटो चार बाय सहाच्या आकारात छापून घेतो. मागे बॉलपेननं तारीख, समोरचा संघ आणि स्कोअर लिहितो आणि गठ्ठा सरांच्या हातात देतो. सर सरावाच्या आधी नंबर पुकारून वाटतात, आणि मुलं आधी दुसऱ्याचा फोटो बघतात, मग स्वतःचा.